काडतुसांचा साठा फळ्यावर लिहा

प्रशिक्षकांचे फोन येतात तेव्हा हल्ली पहिला प्रश्न स्पर्धेचा नसतो. .22 चा कोणता लॉट आला, कोणाकडे आला आणि आमच्या पोरांना त्यातले किती मिळेल, असे विचारले जाते. यातला मधला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. माल अजिबात नाही अशी वेळ क्वचित येते. बहुतेक वेळा तो कुठल्यातरी क्लबच्या शस्त्रागारात किंवा मोजक्या नेमबाजांच्या कपाटात असतो आणि रांगेत मागे उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नसतो. या अंकात किमतींबद्दल लिहायचे आहे, आणि तितकेच या न दिसणाऱ्या साठ्याबद्दलही.

किमती का चढल्या हे आधी स्पष्ट असावे, कारण विक्रेत्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आपल्याकडे स्पर्धेत वापरले जाणारे .22 काडतूस प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा इली आणि जर्मनीत शोनेबेकचा एसके-लापुआ. सोबत आरडब्ल्यूएस. 2020 मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेत सामान्य ग्राहकांनी दुकाने रिकामी केली, रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, आणि जगभरचा माल त्या बाजाराकडे ओढला गेला. ती तूट भरून निघण्याआधी फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. दारू बनवायला नायट्रोसेल्युलोज लागते, ते कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंपासून तयार होते, आणि युरोपातल्या कारखान्यांना ते लष्करी मागणीसाठी आधी हवे झाले. नेमबाजीचे काडतूस त्या रांगेत शेवटी. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा पोहोचण्याचा काळही लांबला.

या सगळ्यावर रुपयाची घसरण. सप्टेंबर 2022 मध्ये 80 रुपयांच्या आसपास असलेला युरो 2025 च्या पावसाळ्यात शंभरी ओलांडून गेला. कारखान्याने एक सेंटही वाढवला नसता, तरी तोच डबा आपल्याला चौथाईने महाग पडला असता. आणि कारखान्यांनी दर वाढवलेच. सप्टेंबर 2025 मध्ये पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेला, त्याचा भार 25 मीटरच्या नेमबाजांवर वेगळा.

पण महागाईने जितके नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान वाटपाच्या पद्धतीने होते, असे आमचे मत आहे. आपला बाजार हा खऱ्या अर्थाने बाजार नाहीच. 1980 च्या दशकात सर्वसामान्यांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हापासून परदेशी शस्त्र आणि काडतूस येते ते राष्ट्रीय संघटनेमार्फत, क्लबांमार्फत आणि नामांकित नेमबाजांना मिळणाऱ्या सवलतीतून. शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे, 2019 च्या दुरुस्तीने माणशी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. या चौकटीला आमचा विरोध नाही. मुंबईसारख्या शहरात काडतुसाचा हिशेब काटेकोर असलाच पाहिजे. मात्र या चौकटीत जो आत आहे त्याला माल दिसतो आणि जो दारात उभा आहे त्याला फक्त भाव ऐकू येतो.

दारात कोण उभे असते, ते मानखुर्दहून पाहिले की नीट कळते. हार्बर मार्गावर मुंबईचे हे शेवटचे स्टेशन, पुढे खाडीचा पूल आणि वाशी. इथल्या चौदा वर्षांच्या मुलीला नेमबाजी शिकायची झाली तर दोन रस्ते आहेत. पश्चिमेला वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, म्हणजे कुर्ला, दादर करत जा. किंवा थेट गाडीने पनवेल, जिथे सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबने कित्येक मुले घडवली. अंतर हा प्रश्न नाही, आपल्या मुली रोज त्याहून लांब जातात. प्रश्न असा की 21 वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या नावावर अग्निशस्त्राचा साधारण परवाना मिळत नाही. प्रशिक्षणापुरती क्लबच्या शस्त्रावर, क्लबच्या देखरेखीखाली नेमबाजी करण्याची मुभा असते. याचा अर्थ तिच्यासाठी क्लबचे कपाट हेच एकमेव दुकान. ते कपाट रिकामे आहे की बंद आहे, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. बापाने कसेबसे पैसे जमवले तरी ते घेऊन जायचे कुठे?

अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीत झाली, हे आपण सगळे सांगतो. सरकारी रायफल, सरकारी काडतूस, आणि त्यातून सिडनी 2000 ची अंतिम फेरी. त्या काळी वरळीत संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली जी पिढी तयार झाली, तिला सुविधा कमी होत्या, पण मिळणारे काडतूस कोणाच्या वाट्याला किती येते हे सरांच्या डोळ्यांसमोर होते. आज क्लब वाढले, इलेक्ट्रॉनिक टार्गेट आली, आणि साठा मात्र खासगी झाला. 1 ऑगस्ट 2024 रोजी शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य जिंकले, तेव्हा कांबळवाडीतल्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या. आपण त्या कौतुकाने वाचल्या. त्या वाचताना प्रशिक्षकांनी स्वतःला विचारायला हवे होते की आपल्या यादीतल्या किती मुलांच्या घरी कर्ज मिळण्याइतकीसुद्धा पत नाही.

आता आपल्या हातात काय आहे, त्याकडे येऊ. आधी एअर रायफल, कारण बहुतेक मुले तिथेच असतात आणि तिथे परवान्याची अडचण नाही. 0.177 इंची आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पेलेट मोकळेपणाने विकत घेता येतात, वाटता येतात. हिशेब साधा आहे. साठ फैरींची स्पर्धा, वर पंधरा-वीस सायटर, म्हणजे पाचशेच्या डब्यात सहा स्पर्धा. रोज शंभर फैरी मारणारे मूल पाच दिवसांत एक डबा संपवते. पेलेट महाग झाले की प्रशिक्षक पहिली कात्री कुठे लावतो? कमी गुणांच्या मुलांवर. त्यांना आठवडाभर ड्राय करायला लावतो आणि शनिवारी वीस फैरी देतो. ड्रायचा आम्हाला आदर आहे, ट्रिगर आणि होल्ड त्यातूनच बसतात. पण ज्या मुलाला फैर सुटल्यावरचा फॉलो थ्रू कधी अनुभवायलाच मिळत नाही, त्याचे गुण वाढणार नाहीत, आणि गुण वाढत नाहीत म्हणून त्याला पेलेट मिळणार नाहीत. या चक्रात आपण दरवर्षी किती मुले गमावतो, याची नोंद कुठल्याच क्लबकडे नाही.

म्हणून आमची सूचना उलटी आहे. सरावाला साधे देशी पेलेट सगळ्यांना समान संख्येने द्या, अगदी पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही. चांगल्या डब्यांचा वापर ग्रुप तपासण्यापुरता आणि स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांपुरता ठेवा. 4.49 आणि 4.50 च्या हेडमध्ये फरक पडतो हे खरे, पण 85 टक्क्यांच्या आत गुण असलेल्या मुलाचा फरक डब्यात नसतो, त्याच्या उभे राहण्यात असतो. हे पालकांना समजावणे प्रशिक्षकाचे काम आहे. महागडा डबा आणून दिला की मूल पुढे जाईल, हा समज दुकानाने नाही, आपण पसरवला आहे.

.22 चे प्रकरण कठीण. तिथे लॉट हाच जीव आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटचे ग्रुप एकाच नळीतून वेगळे येतात, म्हणून मोठे नेमबाज बर्मिंगहॅम किंवा शोनेबेकला जाऊन रायफल क्लॅम्पमध्ये लावतात, लॉट तपासतात आणि वर्षभराचा माल एका लॉटमधून उचलतात. टंचाईत ही सोय पहिल्यांदा जाते. जो लॉट येईल तो घ्यावा लागतो, आणि तो जुळला नाही तर स्पर्धेत हवेचा दोष की काडतुसाचा हेच कळत नाही. इथे क्लबांनी एकत्र येण्याशिवाय इलाज नाही. वरळी, पनवेल, बालेवाडी, कोल्हापूरचे दुधाळी, नाशिक यांनी वर्षाची मागणी एकाच कागदावर राज्य संघटनेकडे द्यावी. आलेला प्रत्येक लॉट एका ठिकाणी क्लॅम्पवर तपासून त्याचे ग्रुप सगळ्यांना कळवावेत. एका क्लबला न जुळलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीला जुळू शकतो. मात्र अदलाबदल परवान्यावरच्या नोंदींतून, संघटनेमार्फतच व्हावी. एकाच्या परवान्यावरचे काडतूस मैत्रीखातर दुसऱ्याच्या खिशात गेले तर तो गुन्हा आहे, आणि असा एक प्रसंग सगळ्या रेंजवर कुलूप लावायला पुरेसा आहे.

साठेबाजीबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. भाव वाढणार म्हणून परवान्याची मर्यादा पूर्ण भरेपर्यंत खरेदी करणारे नेमबाज कायदा मोडत नाहीत. पण वर्षाला दोन हजार फैरी मारणाऱ्याने त्याच्या कित्येक पट माल मुंबईच्या दमट कपाटात ठेवला, तर तीन पावसाळ्यांनंतर त्याचाही उपयोग नाही आणि ज्यांनी तो यंदा वापरला असता त्यांचाही गेला. निवडणुकांच्या काळात नवे परवाने अडकतात, शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, नेमबाजांना त्यातून सूट असली तरी कागद फिरवण्यात आठवडे जातात. या भीतीने लोक साठवतात, हे आम्हाला मान्य आहे. भीती कमी करायची असेल तर साठा दिसला पाहिजे.

त्यासाठी रेंजवर एक फळा पुरेसा आहे. आज क्लबकडे किती पेलेट, कोणत्या कंपनीचे, .22 चे किती डबे, कोणता लॉट, या महिन्यात कोणत्या गटाला किती दिले. सुरक्षेसाठी .22 चा आकडा बाहेरच्यांना दिसू नये असे वाटत असेल, तर तो सभासदांच्या खोलीत लावा, पण ज्युनियर मुलांना आणि त्यांच्या पालकांना तो वाचता आला पाहिजे. शस्त्रागाराची नोंदवही पोलिसांसाठी असते. हा फळा मुलांसाठी.

आणि एक मागणी सरकारी कारखान्याकडे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, वरणगावचा 1960 च्या दशकातला. ऑक्टोबर 2021 पासून दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. केएफ शिक्क्याचे .22 आपल्यापैकी प्रत्येकाने शिकताना वापरले आहे. मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर काडतूस बनते आणि आपण स्पर्धेच्या दर्जासाठी बर्मिंगहॅमकडे पाहतो. नेमबाजीची मागणी लष्कराच्या तुलनेत अगदी लहान, त्यामुळे कारखाना आपणहून लक्ष घालणार नाही. पण एकसारखा लॉट, लॉट क्रमांकासह विक्री आणि लॉट तपासायला कारखान्यातच एक रेंज, एवढ्या तीन गोष्टी मागता येतात. वरचा दर्जा लगेच येणार नाही. सरावाचे काडतूस भरवशाचे झाले, तरी आयातीचा मोठा भार कमी होईल.

या मागणीसोबत आकडे लागतील: तुमच्या क्लबमध्ये ज्युनियर किती, वर्षाला .22 च्या किती फैरी मारल्या आणि काडतूस नव्हते म्हणून किती सराव रद्द झाले. हे तीन आकडे राज्य संघटनेकडे पुढच्या मागणीपत्राआधी लेखी पाठवा, आणि पत्राखाली सचिवासोबत प्रशिक्षकाचीही सही असू द्या, कारण रद्द झालेला सराव त्यालाच ठाऊक असतो.