काढ्याआधी पाणी तपासा



या पानावर मी एरवी बेणे, खत आणि पाणीपाळी यांविषयी लिहितो. आज विषय घराच्या स्लॅबचा आहे. मागल्या महिन्यात अंजनगावात एका सभासदांनी मला गाठले. "साहेब, काँक्रीटमधी निंबाच्या पाल्याचा काढा टाकला तं सळई गंजत नाही म्हन्तात. खरं आहे का जी?" त्यांनी घर बांधायला काढलेले, आणि विहीर खाऱ्या पाण्याची. प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून उत्तर इथेच देतो.

गोष्ट अगदीच खोटी नाही. कडूनिंब, कोरफड, मेंदी यांच्या अर्कांवर प्रयोगशाळांतून काम झाले आहे. अर्कातली टॅनिनसारखी द्रव्ये लोखंडाला चिकटून पातळ थर धरतात आणि गंज मंदावतो. साखर कारखान्यात रस आटवण्याच्या नळ्यांवरची खपली आम्लाने काढताना, आम्लाने नळीच खाऊ नये म्हणून त्यात गंजरोधक मिसळतात. हा त्यातलाच प्रकार. काँक्रीटसाठी कॅल्शियम नायट्राइट वापरात आहे. पण नायट्राइट विषारी, म्हणून झाडपाल्याचा शोध. मात्र बरेच प्रयोग द्रावणात बुडवलेल्या सळईवरचे आणि थोड्या दिवसांचे. आपला स्लॅब तर नातवंडांपर्यंत टिकायला हवा.

शिवाय काढ्यात झाडाची साखर उतरते. वाडवडील चुन्यात गूळ, बेलफळ घालत. ते चुन्याला मानवले. सिमेंटचे तसे नाही. ५० किलोच्या पोत्यामागे २५ ग्रॅम साखर गेली तरी ते घट्ट व्हायला काही तास उशीर होतो; १०० ग्रॅमच्या वर गेली तर जवळजवळ घट्टच होत नाही. तेव्हा मळीचे रिकामे पिंपही बांधकामाच्या पाण्याला लावू नका.

आपला खरा वैरी पूर्णाखोऱ्यातले खारे पाणी आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये चुन्याच्या गुणाने सळईवर आपोआप संरक्षक थर बसतो. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड तो थर फोडतो. गंजलेले लोखंड दुपटीहून अधिक फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. दर्यापूरकडे आमच्या घराचा स्लॅब असाच विहिरीच्या पाण्यात कालवला होता. पंधरा वर्षांत सळया उघड्या पडल्या. एका रात्री भला मोठा पोपडा पाळण्यात पडला. लेकरू आईजवळ होते म्हणून वाचले. तेव्हा चार टँकर गोड्या पाण्याचे पैसे वाचवले होते!

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आधी पाणी प्रयोगशाळेत तपासा. सळईच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असे भारतीय मानक सांगते. जास्त निघाले तर टँकर आणा. कालवायलाही तेच पाणी आणि वरून मारायलाही तेच. सळईखाली ठोकळे ठेवून किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण राखा. ओल-खार असेल तिथे ते वाढवा. गवंड्याला पाणी जास्त ओतू देऊ नका. निदान दहा दिवस स्लॅब ओला ठेवा.

झाडपाल्याच्या अर्काला माझा विरोध नाही. संशोधकांनी आपल्याच खाऱ्या पाण्यात काँक्रीटचे ठोकळे करून चार-पाच वर्षे पाहावे. ऊसाचे नवे वाणही आपण आधी चाचणी प्लॉटमध्ये पाहतो, मग शिवारात नेतो. घराचा स्लॅब हा काही चाचणी प्लॉट नव्हे. त्याखाली आपली लेकरे निजतात.

— ऊस विकास अधिकारी