मराठी शाळेचा ठराव कोणत्या भाषेत?

सीमाभागातील मराठी शाळांविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, ते बहुतांशी फलकाविषयी असते. कमानीवर मराठी अक्षरे वर की खाली, त्यांचा आकार केवढा, यावर निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात. त्याच शाळेच्या कपाटात काय साठत चालले आहे, हे मात्र कोणी उघडून पाहत नाही. आम्हाला त्या कपाटाची चिंता अधिक वाटते.

बेळगाव जिल्ह्याचे शिक्षण खात्याने बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत. दोन्हींत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत. या शाळांतील मुले मराठीतून शिकतात, शिक्षक मराठीतून शिकवतात. परंतु शाळा चालवण्यासाठी खात्याकडून येणारा कागद कन्नडमध्ये येतो. प्रवेशाचे वेळापत्रक, अक्षर दासोहच्या धान्याचा हिशेब, शिष्यवृत्तीचे निकष, विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद, अतिरिक्त शिक्षकांची गणना, कमी पटाच्या शाळांचे विलीनीकरण, सारे कन्नडमध्ये. सायंकाळी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर पीडीएफ येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माहिती भरून पाठवायची असते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील दोन शिक्षकी शाळेत, एक शिक्षक प्रशिक्षणाला गेलेला असताना, हे काम कसे होत असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी.

यावर ठरलेले उत्तर असे की, मुख्याध्यापक हा सरकारी नोकर आहे, त्याला राज्यभाषा आलीच पाहिजे. हे उत्तर आम्हाला मान्य आहे. बहुतेक मुख्याध्यापकांना कन्नड येतेही, आणि ज्यांना कमी येते त्यांनी ते शिकावे. परंतु शाळा एकट्या मुख्याध्यापकाची नसते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २१ने शाळेवर देखरेख ठेवण्याचे, अनुदानाचा विनियोग तपासण्याचे काम ज्या समितीकडे सोपवले, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो. कलम २२ने शाळेचा विकास आराखडा करण्याची जबाबदारीही त्याच समितीवर टाकली. आपल्याकडे हिला शाळा सुधारणा समिती अथवा एसडीएमसी म्हणतात. शेतमजुरी करणारी, मराठी चौथीपर्यंत शिकलेली एखादी आई या समितीची सदस्य असते. ती सरकारी नोकर नाही. तिने कोणतीही खातेनिहाय भाषापरीक्षा देण्याचे मान्य केलेले नाही. कायद्याने तिला देखरेख करावयास सांगितले, आणि जिच्यावर देखरेख करायची ती वही तिला न वाचता येणाऱ्या लिपीत ठेवली.

परिणाम काय होतो, ते आम्ही वकिलीच्या टेबलावर पाहिले आहे. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्यास समितीची हरकत नाही, असा कन्नडमधील ठराव. खाली आठ-दहा मराठी सह्या आणि दोन अंगठे. सही करणाऱ्यांना विचारले, तर कोणाला वाटते ती गणवेशाची पोच होती, कोणाला वाटते ती केवळ हजेरी होती. कोणी फसवलेच असे आम्ही म्हणत नाही. घाई होती, कागद वरून तयार होऊन आला होता, सह्या गोळा झाल्या. परंतु गावातील शाळा बंद होऊन सहा वर्षांच्या मुलीला पुढच्या गावी चालत जावे लागते, तेव्हा कागदावर तिच्याच आईची सही असते.

येथे एक भाषिक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. कन्नडमध्ये परिपत्रकाला ‘सुत्तोले’ म्हणतात. सुत्तु म्हणजे भोवताली आणि ओले म्हणजे ताडपत्र, पत्र. सर्वत्र फिरवायचे पत्र ते सुत्तोले. अर्थवाही शब्द आहे. ठरावाला मात्र कन्नडमध्येही ‘ठरावु’ म्हणण्याचा प्रघात आहे. हजेरी आणि दाखला हेही शब्द थोड्याफार फरकाने दोन्हीकडे सारखेच. शतकानुशतके एकाच कचेरीत बसलेल्या या दोन भाषा आहेत. एकीच्या बाजूला दुसरीची प्रत ठेवल्याने कोणाचे राज्य बुडेल, असे भाषेच्या इतिहासात तरी काही दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ६ नुसार साक्षीदाराची साक्ष त्याने दिलेल्या भाषेहून वेगळ्या भाषेत लिहून घेतली आणि ती भाषा त्याला समजत नसेल, तर लिहिलेली साक्ष त्याच्या भाषेत उलगडून सांगावी लागते. पाच हजार रुपयांच्या दाव्यातील साक्षीदाराला जे संरक्षण आहे, ते गावाची शाळा बंद करणाऱ्या ठरावाखाली सही करणाऱ्या पालकाला नसावे काय?

तोंडी समजावून सांगितले होते, हा बचाव आम्ही अनेकदा ऐकतो. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात शासनाचा बचाव नेमका हाच होता. स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली. त्याने हिंदीत मागितली. तोंडी भाषांतर करून सांगितले आहे आणि इंग्रजी ही राजभाषा आहे, असे सांगून मागणी फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. ज्या माणसाने त्या कागदाच्या आधारे आपले म्हणणे मांडायचे, त्याला तो त्याच्या समजुतीच्या भाषेत हाती मिळाला पाहिजे, असा निकालाचा आशय आहे. तो निकाल राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(५) खालचा, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा. तो शाळेच्या परिपत्रकाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे आमच्या व्यवसायबंधूंनी सांगण्यापूर्वी आम्हीच सांगतो. परंतु ‘राजभाषा आहे’ आणि ‘तोंडी सांगितले’ ही दोन उत्तरे सर्वोच्च न्यायालयात टिकली नाहीत, एवढे तरी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने लक्षात ठेवावे.

याहून थेट आधार माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये आहे, आणि आमच्या चळवळीने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. कलम ४(४) सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसृत करावयाची माहिती ‘स्थानिक भाषा’ विचारात घेऊन प्रसृत करावी. त्याच अधिनियमाच्या कलम ६मध्ये अर्ज कोणत्या भाषेत करावा हे सांगताना इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची ‘राजभाषा’ असे शब्द आहेत. एकाच कायद्यात विधिमंडळ दोन वेगळे शब्द वापरते तेव्हा त्यांचे अर्थ वेगळे घ्यावेत, हा अर्थनिर्णयाचा प्राथमिक नियम आहे. राजभाषा म्हणजे कन्नड. यावर आमचा वाद नाही. पण स्थानिक भाषा म्हणजे त्या गावात, त्या शाळेत, त्या पालकसभेत चालणारी भाषा. जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या शाळेपुरती ती कोणती, हे ठरवायला आयोग नेमण्याची गरज नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जुनी आश्वासनेही आहेत. १९५६चे केंद्र सरकारचे निवेदन आणि १९६१ची मुख्यमंत्री परिषद यांनी असे मान्य केले की, जिल्हा, नगरपालिका वा तालुका अशा क्षेत्रात एखादा भाषिक अल्पसंख्य समाज १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्याच्याही भाषेत प्रसिद्ध व्हावेत. २०११च्या जनगणनेत संपूर्ण बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा नोंदवणारे १८ टक्क्यांहून अधिक आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ मोठे आहे. मात्र ही आश्वासने प्रशासकीय आहेत, संविधी नव्हेत. त्यांच्याच भरवशावर न्यायालयात गेलेल्याची निराशा होण्याचा संभव अधिक. त्यांचा उल्लेख अर्जात करावा, पण भार कलम ४(४) वर ठेवावा.

भाषांतराला माणसे नाहीत, ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. हेच कर्नाटक राज्य मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते आणि दहावीची प्रश्नपत्रिका मराठीत काढते. ज्याला भूमितीचे प्रमेय मराठीत उतरवणारी माणसे सापडतात, त्याला तांदळाचा हिशेब मराठीत लिहिणारा एक लेखनिक सापडत नाही, हे आम्ही कसे मानावे? शिवाय प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे महत्त्व काय, हे या राज्याला आम्ही शिकवण्याची गरज नाही. पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे, असा आदेश राज्याने १९९४ साली काढला आणि तो टिकवण्यासाठी वीस वर्षे न्यायालयांत युक्तिवाद केला. ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने तो अमान्य केला, तरी त्या वीस वर्षांत राज्याने मातृभाषेविषयी जे जे सांगितले, ते आमच्या पालकांनाही लागू पडते.

आमच्या बाजूचीही दोन शब्दांत झडती घेणे प्राप्त आहे. मराठी शाळेत कन्नड शिकवण्याला विरोध करणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाही. महाराष्ट्राने गुजराती शाळांत मराठी सक्तीची केली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली उषा मेहता खटल्यात वैध ठरवली. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांनी बेळगावात दुसरा न्याय मागू नये. आणि जे पुढारी व्यासपीठावरून मराठी शाळेसाठी गळा काढतात, त्यांपैकी किती जणांनी एका तरी समितीचे इतिवृत्त उघडून वाचले आहे, हा प्रश्न आम्ही सभ्यपणे विचारतो. सर्वोच्च न्यायालयातील सीमादावा २००४ पासून प्रलंबित आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत शाळेचे कपाट बंद ठेवायचे, असे कोणी ठरवलेले नाही.

मुख्याध्यापकांना आणि समितीच्या सदस्यांना आमचे सांगणे असे. समितीचे इतिवृत्त मराठीत लिहावे. वरिष्ठांना हवी असल्यास कन्नड प्रत सोबत जोडावी. न समजलेल्या कागदावर सही करण्याऐवजी इतिवृत्तात पुढील मजकूर घ्यावा: ‘सदर परिपत्रक कन्नड भाषेत असून समितीच्या सदस्यांना ते वाचता आलेले नाही. मराठी प्रत मिळेपर्यंत या विषयावरील निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे.’ यात अवज्ञा नाही, उद्धटपणा नाही. मुख्याध्यापकाच्या नोकरीलाही धोका नाही, कारण निर्णय समितीचा आहे. त्याचबरोबर समिती अध्यक्षांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे कलम ४(४)चा उल्लेख करून मराठी प्रतीची लेखी मागणी करावी आणि एक प्रत राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी. तक्रारीचा अर्ज अनुच्छेद ३५० नुसार मराठीत करावा. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कन्नड वा इंग्रजीतच करावा, अन्यथा भाषेच्या मुद्द्यावरच तो परत येईल. विलीनीकरणाच्या कोणत्याही ठरावाची पूर्ण नक्कल मागून घ्यावी आणि ती जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय गावसभेत चर्चा करू नये.

जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर येथील कन्नड शाळांच्या पालकांनाही महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीतच मिळतात, आणि त्यांची अडचण आमच्याहून तसूभरही निराळी नाही. कलम ४(४) तेथेही लागू आहे. त्यांच्यापैकी कोणी विचारल्यास हाच अर्ज महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाच्या नावे आम्ही तयार करून देऊ, आणि त्याबद्दल शुल्क घेणार नाही.