सदोष माल, भुर्दंड ग्राहकाला

परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर ती परत पाठवण्याचे टपाल कोणी भरायचे? प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु ५०० रुपयांच्या वस्तूला १,००० रुपये परतखर्च येणार असेल, तर ग्राहकाचा हक्क कागदावरच राहतो. विक्रेता हे पुरते जाणून असतो.

२०२० चे ई-कॉमर्स नियम भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतीच्या खर्चाची माहितीही त्याने स्पष्टपणे दिली पाहिजे. मात्र माहिती देणे वेगळे आणि खर्च सोसणे वेगळे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने ही संदिग्धता ठेवलेली नाही: सदोष वस्तूची दुरुस्ती वा बदली विनामूल्य, टपालखर्चासह.

दोष उत्पादनात, नफा भांडवलाचा आणि भुर्दंड मात्र श्रमाच्या कमाईवर, हा कुठला न्याय? नियमात एवढीच भर घालावी: सदोष मालाचा परतखर्च विक्रेत्याने सोसावा; त्याने हात वर केल्यास व्यवहार जुळवून दलाली घेणाऱ्या कंपनीने. कार्यकर्त्यांनी ग्राहक संघटनांना सोबत घेऊन ही मागणी लावून धरली पाहिजे.