बिल्ला टिकवायचा तर आधी मेंढी नीट धरा

कारंजा (घाडगे) तालुक्याला बोरचं जंगल जवळ. वाघ-बिबट्यानं जनावर मारलं की पशुपालक भरपाईसाठी अर्ज करतो. पण २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम केला : कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर अशी भरपाई नाही, आणि १ जून २०२४ पासून बाजारात खरेदी-विक्रीही नाही. शेळ्या-मेंढ्याही यात आल्या. तेव्हा कान फाटून बिल्ला गळाला, तर जखमेसोबत हक्काचा पुरावाही जातो.

कान फाटतो तो बहुधा घाईनं. चिमटा दाबताना मेंढी डोकं झटकते नि भोक लांबतं. म्हणून कळप आधी लहान वाड्यात कोंडावा. लोकर ओढू नये. एकाने मेंढी कुडाला टेकवून एक हात हनुवटीखाली, दुसरा पुठ्ठ्यावर ठेवावा. बिल्ला दुसऱ्याने मारावा. जागा कानाच्या मधोमध, शिरा टाळून. अगदी कडेला मारलेला बिल्ला काटेरी झुडपात अडकतो. चिमट्याची सुई प्रत्येक मेंढीनंतर जंतुनाशकात बुडवावी. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसून आळ्या पडतात. शक्यतो कोरड्या दिवसांत काम उरकावं आणि आठ-दहा दिवस कान पाहावा. बिल्ला गळालाच, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच नवा मारून नोंद करून घ्यावी.

ग्रामपंचायतींनी तारीख आधी दवंडीनं कळवावी, वाडा नि धरणारी दोन माणसं द्यावीत. किती बिल्ले मारले हे कागदावर येतंच. महिन्याभरानं किती टिकले, हेही एकदा मोजावं.