रिपोर्ट यायला नऊ दिवस



गेल्या महिन्यात आमचं हे पान आलं नाही. काही बहिणींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? आमची तब्येत बरी होती. आमच्या भाभींच्या छातीत गाठ निघाली होती आणि तिचा रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कोणाकडूनच एक काम धड होत नव्हतं. आता त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. “लिही, पण माझं नाव घालू नकोस आणि रडगाणं करू नकोस,” एवढीच त्यांची अट.

भाभी म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. वय ४६. थोरले दीर कुवेतला असतात, वर्षातून एकदा महिनाभर येतात. घर चिपळूणजवळच्या गावात. घरात अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, भाभी आणि त्यांची दोन मुलं, आम्ही नवराबायको आणि आमचा मुलगा. बारा वर्षं एका चुलीवर जेवतो आहोत. तरी भाभींनी ही गोष्ट सहा आठवडे एकटीने पोटात ठेवली.

गुस्ल करताना हाताला लागली होती. उजवीकडे, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हीच समजूत बायकांना उशीर करायला लावते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पण गप्प राहण्याचं खरं कारण वेगळंच होतं. आमच्या पुतणीसाठी शेजारच्या तालुक्यातून स्थळ आलं होतं, बोलणी चालू होती. आईला ‘तसलं’ काही निघालं असं कानावर गेलं तर मुलीचं काय होईल, ही त्यांची भीती. आजाराची भीती दुसऱ्या नंबरावर होती.

एका सकाळी भाकऱ्या थापता थापता त्या थांबल्या. पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, “जरा आत ये, तुला काहीतरी दाखवायचंय.” आम्हाला वाटलं, पुतणीच्या साड्या.

त्या दिवशी शाळेत आम्ही सहावीचे उर्दूचे पेपर तपासले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली, “बाई, मला दहापैकी बारा गुण दिलेत.”

अम्मींना सांगायचं की नाही, यावर दोघींचा दोन दिवस वाद चालला. वय ७४, रक्तदाब, उगाच काळजी. शेवटी त्यांनीच ओळखलं. आम्हाला वाटलं होतं त्या आधी दुआ-तावीज सुचवतील, पुरुष डॉक्टर नको म्हणतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, “दाखवलं का?” नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग आपल्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. खाला लवकर वारल्या हे आम्हाला माहीत होतं, कशाने ते घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. गाठ फुटून कपड्याला डाग लागेपर्यंत त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं. “हया म्हणून लपवली,” अम्मी म्हणाल्या. “ती हया नव्हती. आम्ही तिला तसं शिकवलं, ते चुकीचं शिकवलं. उद्याच्या उद्या जा.”

लेडी डॉक्टरांनी तपासलं. गाठ कडक आहे का, हलते का, वरची कातडी ओढल्यासारखी दिसते का, काखेत काही लागतं का, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येतं का. मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून दिली. मॅमोग्राफी करणारी बहुतेक ठिकाणी मुलगीच असते, हे भाभींना आधी माहीत असतं तर त्यांची एक रात्र तरी झोप झाली असती, म्हणून इथे सांगून ठेवतो. दोन पट्ट्यांमध्ये दाबून फोटो काढतात. दुखतं, पण काही सेकंद.

रिपोर्टमध्ये ‘बायरॅड्स ४ए’ असं लिहिलं होतं. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची आणि रिपोर्ट दुपारीच हातात. मधले चार तास आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये तो शब्द शोधत होतो. ही आमची चूक, आणि मोठी चूक. चार म्हणजे चौथी स्टेज असं भाभींनी धरलं. आम्ही शिकलेली बाई, बीएड झालेली, आम्हीही तसंच धरलं. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं की स्टेजशी याचा काहीही संबंध नाही. मॅमोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याला किती शंका वाटते ते शून्य ते सहा आकड्यांत लिहायची ही पद्धत आहे. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासा. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, थोड्या महिन्यांनी पुन्हा बघा. चार म्हणजे शंका आहे, तुकडा काढून बघा; आणि त्यातही ‘ए’ म्हणजे शंका कमी, शंभरात दोन ते दहा बायकांत कर्करोग निघतो. पाच म्हणजे दाट शंका, आणि सहा फक्त आधीच निदान झालेल्यांसाठी.

“म्हणजे नव्वद जणींना काही नसतं,” आम्ही भाभींना परतीच्या वाटेवर म्हणालो. “आणि दहा जणींना असतं,” त्या म्हणाल्या. गणित दोघींचंही बरोबर होतं.

बायोप्सी करणारे डॉक्टर पुरुष होते. भाभी दारात थबकल्या. नर्सबाई आत थांबतील, जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा राहील, असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. गरज असेल तेव्हा इलाजासाठी परवानगी आहे, हे आपल्या उलमांनी केव्हाच सांगून ठेवलंय. अडचण मसल्याची नव्हती, चाळीस वर्षांच्या सवयीची होती. भूल दिल्यावर सुई आत गेलेली कळली नाही, पण स्टेपलर मारल्यासारखा खट् आवाज होतो, त्याने त्या दचकल्या. शेवईच्या बारीक तुकड्यासारखे चार-पाच तुकडे एका छोट्या बाटलीत टाकले. ‘सुई टोचली की पसरतो’ असं गावात दोघी-तिघींनी सांगितलं होतं, ते आम्ही विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, ही भीती काढून टाका, सुईने आजार वाढत नाही. न तपासता राहिलं तर मात्र वाढतो.

बाटली पुढे मोठ्या शहरातल्या लॅबला गेली. आठवडा लागेल म्हणाले. लागले नऊ दिवस.

सातवा दिवस उलटल्यावर भाभींनी ठरवून टाकलं की वाईट आहे म्हणूनच पाठवत नाहीत. तेव्हा आमची एक जुनी विद्यार्थिनी आठवली, ती मुंबईत एका लॅबमध्ये काम करते. तिला फोन लावला आणि तिने सगळा प्रवासच सांगितला. तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरावा लागतो, नाहीतर खराब होतो. मग त्यातलं पाणी काढून त्याला मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढतात, काचेवर ठेवतात, गुलाबी-जांभळा रंग देतात. तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खात्री वाटली नाही तर पुन्हा काप काढतात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात. त्यात रविवार येतो, कुरिअर येतं. “बाई, उशिरावरून काहीच सांगता येत नाही,” ती म्हणाली. “चांगल्या रिपोर्टलाही तेवढाच वेळ लागतो.” भाभींनी फोन स्पीकरवर दोनदा ऐकला. त्या रात्री जेवल्या.

या नऊ दिवसांत घरी येणाऱ्यांची कमी नव्हती, कारण गावात गोष्ट लपत नाही. कोणी कलौंजीचं तेल आणलं, कोणी ज़मज़म. दोन्ही आम्ही आदबीने घेतलं. पण एका बाईंनी सांगितलं, चाळीस दिवस हे करा आणि तोवर सुईच्या भानगडीत पडू नका. त्यांना अम्मींनीच उत्तर दिलं. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगणारी हदीस लहानपणी मदरशात शिकलो आहोत, न बांधता सोडून द्यायला कोणी शिकवलं नाही, असं म्हणाल्या. त्या बाई चहा न घेता गेल्या.

एका नातेवाईक बाईंचं बोलणं मात्र आम्हाला लागलं. भाभींचे डोळे भरलेले बघून त्या म्हणाल्या, रडू नये, बेसब्री होते. भाभींनी पटकन डोळे पुसले आणि नंतर दोन दिवस त्या कोणासमोर रडल्या नाहीत. रात्री उशीत तोंड घालून रडायच्या, ते भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचं. बहिणींनो, हजरत याकूब (अलै.) यांची हकीकत कुरआनात आहे. मुलाच्या दुःखाने रडून रडून त्यांची नजर गेली. आपलं दुःख ते अल्लाहपुढे मांडत राहिले. त्यांना बेसब्र कोण म्हणेल? आपले प्रेषित (स.) आपल्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूवर रडले. डोळ्यांना पाणी येणं वेगळं आणि रब्बवर नाराज होणं वेगळं. हे आम्ही त्या बाईंना तिथेच सांगायला हवं होतं. पाहुण्या म्हणून गप्प बसलो, त्याची खंत आहे. भाभींना मात्र तिसऱ्या दिवशी तहज्जुदनंतर सांगितलं. त्या जानमाजवर बसून मनसोक्त रडल्या, अम्मी पाठीवरून हात फिरवत होत्या.

दिरांना कळवायचं नाही, असं भाभींचं म्हणणं. तिकडे बसून काय करणार? सुट्टी मिळत नाही, उगाच जीव टांगणीला. पण व्हिडिओ कॉलवर त्यांनी चेहरा वाचला. मग रोज त्यांचं स्वयंपाकघर आणि आपलं स्वयंपाकघर फोनवर जोडलेलं असायचं. तिकडे अडीच तास मागे. आमची इशा होऊन आवराआवर चालायची तेव्हा ते कामावरून येऊन डाळ शिजत टाकायचे. बोलायचं काही नसायचं. त्यांच्या कढईचा आवाज इकडे, आमच्या भांड्यांचा तिकडे. एकदा त्या म्हणाल्या, “यंदा रोजे होतील ना माझे?” तिकडून उत्तर आलं, “राहिले तर कज़ा आहेत. तू राहा.”

दहाव्या दिवशी सकाळी फोन आला. रिपोर्ट घ्यायला भाभी आणि आम्ही गेलो. बाहेरच्या बाकावर गुहागरकडच्या एक ताई बसल्या होत्या. मासळी विकतात, बायोप्सी आमच्याच दिवशी झाली होती, तेव्हाही एकट्याच आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून भाजलेले काजू काढून आम्हाला दिले.

भाभींची गाठ साधी निघाली. फायब्रोसिस्टिक बदल, चाळिशीनंतर पुष्कळ बायकांत दिसतात. कर्करोग नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आणि काही बदल वाटला तर लगेच यायचं. भाभींनी रिपोर्ट तीन वेळा वाचायला लावला. बाहेर आलो तर ताई आत गेल्या होत्या. आम्ही दिरांना फोन लावत होतो, हसत होतो, आणि तेवढ्यात त्या बाहेर आल्या. कागद त्यांच्या हातात उलटा होता. त्यांनी विचारलं, “तुमचं बरं आलं का?” आम्ही फोन बंद केला. हो म्हणायला आमची जीभ उचलेना. भाभी म्हणाल्या, “आलं, ताई. तुमचं?” आणि कागद हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

घरी जायची एसटी आम्ही सोडली. ताईंना महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल काही माहीत नव्हतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांच्याकडे जायचं, कर्करोगाचा इलाज त्यात बसतो. भाभी त्यांना खिडकीपर्यंत घेऊन गेल्या. रेशनकार्डावर ताईंच्या नावात चूक होती, ते सरळ करायला पुढचे चार दिवस लागले.

पुतणीचं ते स्थळ पुढे सरकलं नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पुतणी म्हणाली, “बरं झालं, आधीच कळलं.” भाभींना अजून ते पटलेलं नाही.

ताईंची पहिली केमो पुढच्या बुधवारी आहे. भाभी सोबत जाणार आहेत. रमजान लागलाय, भाभींचा रोजा असेल. ताईंनी फोनवर सांगितलं, मग मी पण तुमच्यासमोर काही खाणार नाही. भाभींनी त्यांना दटावलं. डॉक्टरांनी पोटभर खायला सांगितलंय ना? मग गुपचूप खायचं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणते आहे, बघू कशी खात नाही ते.