उसन्या नावाचा कॅलिफोर्निया

वरुड-मोर्शीच्या परिसराला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणण्याची रीत जुनी आहे. सभासमारंभांतून हे बिरुद हटकून ऐकू येते आणि त्याला टाळ्याही पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर आणि अकोल्याकडील अकोटपर्यंत पसरलेल्या संत्र्याच्या बागा पाहिल्या की अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु उपमा घ्यावयाची तर ती पुरी घ्यावी. कॅलिफोर्नियाची कीर्ती नुसत्या फळांवर उभी राहिलेली नाही. तेथील संत्रा-बागाईतदारांनी १८९३ साली स्वतःचा विक्रीसंघ स्थापन केला. तोच पुढे 'सनकिस्ट' या नावाने जगभर ओळखला गेला. बदाम पिकविणाऱ्यांनीही १९१० मध्ये तोच मार्ग धरला. फळ तोडल्यानंतर ते कोठे ठेवावयाचे, कसे निवडावयाचे आणि कोणाला विकावयाचे याचा विचार करणारी संस्था त्यांनी बागेइतक्याच चिकाटीने जोपासली. आपण त्यांचे नाव तेवढे उचलले.

वऱ्हाडातील बागाईतदार हंगामाचा विचारच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. जमीन हलकी की भारी यावरून ताणाचे दिवस ठरतात. जानेवारीत पाणी सुरू केले की फुलोरा येतो आणि ऑक्टोबरपासून फळ तोडणीला लागते. मृग बहारासाठी हाच ताण मे महिन्यात द्यावयाचा, मग पहिल्या पावसावर झाड फुलते आणि फळ फेब्रुवारीनंतर हाती येते. आंबियाला भर उन्हाळ्यात विहिरीचे पाणी हवे. मृगाला पाऊस वेळेवर हवा. एकाच झाडावर दोन्ही बहार घेण्याचा मोह धरला तर झाड लवकर थकते. सारांश, बहाराची निवड हा मूलतः पाण्याचा निर्णय आहे. तोच आज एकेकट्याने, शेजाऱ्याच्या विहिरीकडे न पाहता घेतला जातो. वरुड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी नोंदले गेले आहेत, ही या एकाकी नियोजनाची पावती होय.

फळ धरले की बागाईतदाराचे नियोजन बहुधा संपते. बाग उभीच व्यापाऱ्याला विकली जाते. व्यापारी नजरेने अंदाज बांधतो, इसार देतो आणि तोडणीची वेळ स्वतःच्या सोयीने ठरवितो. मध्येच बाजार पडला तर इसारावर पाणी सोडून तो निघून जाऊ शकतो. बागाईतदार मात्र झाडावरचे फळ घेऊन कोठे जाणार? वर्षभराच्या कष्टाचा भाव अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती जातो.

कापसाशी तुलना केली म्हणजे यातील धोका स्पष्ट होतो. कापूस घरात रचून भावाची वाट पाहता येते. शिवाय १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेने त्याला, गुणदोषांसह का होईना, अनेक वर्षे एक निश्चित गिऱ्हाईक दिले होते. संत्र्याला असा आधार कधीच मिळाला नाही. तोडल्यानंतर या फळाची गोडी वाढत नाही, उघड्यावर ते फार दिवस टिकत नाही. मात्र ओढून न काढता कात्रीने देठाशी कापले, निवडून मेण चढविले आणि सहा-सात अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवले तर ते महिना-दीड महिना चांगले राहते. म्हणून शीतगृह ही चैन नव्हे. "आज विकत नाही," असे म्हणण्याची ताकद बागाईतदाराला त्यानेच मिळते.

बांगलादेशाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. आपल्या संत्र्याचे हे मोठे परदेशी गिऱ्हाईक. २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेले त्यांचे आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेले आणि वऱ्हाडातील भाव कोसळले. निम्म्या शुल्काइतके अनुदान देण्याचा निर्णय राज्य शासनाला २०२३ मध्ये घ्यावा लागला. अनुदान ही मलमपट्टी झाली. एकाच दारावर विसंबलेल्या घराने दुसरे दार पाडणे, हा खरा उपाय.

ते दुसरे दार म्हणजे रसाचा कारखाना, असे पुष्कळांना वाटते. ही मागणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. आपला संत्रा सैल सालीचा, सोलून ताजा खाण्याचा. त्याच्या बिया आणि रस काढल्यावर काही वेळाने उतरणारा कडवटपणा, या अडचणी जाणकारांना ठाऊक आहेत. बारीक आणि डागी फळ कारखान्याने अवश्य घ्यावे. परंतु चांगल्या फळाचे भवितव्य ताज्या विक्रीतच आहे.

"आमच्याकडे सहकार रुजत नाही," हा आक्षेप येथे हमखास घेतला जाईल. संस्था बुडाल्याचे दाखले आहेत, हे खरे. पण याच महाराष्ट्रात द्राक्ष-बागाईतदारांनी १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' उभारून परदेशची बाजारपेठ गाठली. ज्ञानाचीही उणीव नाही. १९६९ पासून अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, १९८५ पासून नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, शेंदूरजना घाटच्या रोपवाटिका सर्वदूर प्रसिद्ध आहेत आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. उणीव आहे ती हे सारे एका वेळापत्रकात बांधण्याची.

ते वेळापत्रक शेवटाकडून मांडावे लागेल. पावसाळा संपताच गावातील विहिरींची पातळी मोजून कोणत्या बागेने कोणता बहार धरावा, हे गावाने एकत्र बसून ठरवावे. बागेचा सौदा नजरेने न होता वजन व प्रत यांवर, लेखी व्हावा. निवड, मेण आणि शीतगृह यांची सोय ऑक्टोबरपूर्वी, बागाईतदारांच्याच मालकीची असावी. आणि शेजारी देशाच्या शुल्काचा प्रश्न केंद्र सरकारने फळ झाडावर असतानाच हाती घ्यावा, ते ट्रकमध्ये चढल्यावर नव्हे.

ज्यांच्या घरी संत्र्याचे एकही झाड नाही, त्यांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. बाजार पडतो त्या वर्षी शाळेची फी थकते, पतपेढीचे हप्ते थकतात, दुकानदाराची उधारी वाढते. गावच्या विहिरी मोजणे हे शाळेच्या विद्यार्थ्यांना सहज साधणारे काम आहे. संस्थेचा चोख हिशेब ठेवणे हे शिक्षक-कारकुनांच्या हातचे. त्या दोन कामांपासून आरंभ झाला, तर उसन्या नावाची गरज वऱ्हाडाला फार काळ भासणार नाही.