प्रेक्षक उन्हाने पळत नाहीत

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर छाती फुगवून सांगतो आणि ऐकणारा हसतो. हॉकीपुरते बोलायचे तर या म्हणीचा पहिला अर्धा भाग अक्षरशः खरा आहे. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वरला बेल्जियमला हरवून जर्मनीने पुरुषांचा विश्वचषक तिसऱ्यांदा उचलला आणि पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारताला ३-२ असे रोखले तेही जर्मनीनेच. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी न बोललेले बरे. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात हॉकी म्हटले की आठवतात ती २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनाची भाषणे. ध्यानचंदांच्या तसबिरीला हार घातला जातो, पाहुणे ‘हॉकीचे जादूगार’ हे शब्द चार वेळा उच्चारतात, मुले टाळ्या वाजवतात, आणि त्या मैदानावर पुढच्या २९ ऑगस्टपर्यंत हॉकीची काठी दिसत नाही.

का दिसत नाही, असे विचारले की उत्तर तयार असते: इथल्या उन्हात हॉकी खेळणार कोण आणि बघायला बसणार कोण? उत्तर ऐकायला पटण्यासारखे आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, बाहेर पडणारा डोक्याला उपरणे गुंडाळूनच पडतो. पण हेच परभणीकर त्याच मे महिन्यात साडेबाराच्या मुहूर्तावर मंडपाखाली अक्षता घेऊन हजारोंनी उभे असतात. चैत्रातल्या जत्रांत कुस्तीच्या फडाभोवती माणूस माणसाला खेटून बसतो. पीक निघालेल्या वावरात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भर एप्रिलात रंगतात आणि झाडाची सावली मिळाली नाही तरी बघणारे हलत नाहीत. शिवाय ऊन वर्षातून चार महिने. डिसेंबर-जानेवारीत याच परभणीचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला जी गर्दी लोटते तिला कोणी हवामानाचा अंदाज विचारत नाही. तेव्हा उन्हाला दोष देण्याआधी जरा थांबून बघायला हवे. या सबबीचा खोटेपणा एकट्या परभणीत नाही, पार अमेरिकेपर्यंत तपासता येतो.

तिकडे ‘हॉकी’ म्हणजे बर्फावरची हॉकी. १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू कॅनडातून लॉस एंजेलिसला आला आणि तिथल्या व्यावसायिक लीगच्या धुरिणांना वाटले की आता बर्फाचा खेळ वाळवंटातही विकता येईल. १९९६ मध्ये विनिपेगचा संघ उचलून ॲरिझोनात फिनिक्सला नेला. पुढे त्याचे स्टेडियम शहराच्या पश्चिमेला ग्लेनडेलला बांधले, तर तिकीट घेणारा वर्ग राहत होता पूर्वेला. २००९ मध्ये संघाचे दिवाळे निघाले, काही वर्षे लीगलाच तो सांभाळावा लागला, शेवटी तो एका विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार आसनांच्या सभागृहात खेळला आणि २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला. अटलांटाने तर दोन संघ गमावले, एक १९८० मध्ये, दुसरा २०११ मध्ये. एवढेच ऐकले तर उष्ण शहरात हॉकी रुजत नाही, हा निष्कर्ष काढावासा वाटतो. पण फ्लोरिडातला टॅम्पा फिनिक्सइतकाच घाम काढतो आणि तिथल्या संघाने २००४, २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकला. त्याच राज्यातल्या दुसऱ्या संघाने २०२४ आणि २०२५ मध्ये. सामने वातानुकूलित सभागृहात होतात, बाहेर काय तापमान आहे याच्याशी बसणाऱ्याचा संबंध नाही. फरक मालक, स्टेडियमची जागा, विजय आणि सातत्य यांचा. आणि त्याहून मोठा फरक मुलांचा. फिनिक्सच्या डबघाईला आलेल्या संघाचे सामने बघत स्कॉट्सडेलमध्ये एक मुलगा मोठा झाला. तो ऑस्टन मॅथ्यूज. २०१६ मध्ये लीगच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर त्याला टोरांटोने घेतले. संघ गेला तरी त्याने मागे काही सोडलेच नाही, असे म्हणता येत नाही ते मॅथ्यूजमुळे.

आता आपल्या हॉकीकडे, म्हणजे मैदानावरच्या हॉकीकडे येऊ. महाराष्ट्रात तिचे घर मुंबई. आगाखान कपाची परंपरा मुंबईची, १९८२ चा विश्वचषकही मुंबईत झाला. चर्चगेट स्टेशनपासून चालत जावे इतक्या अंतरावर हॉकीचे स्टेडियम आहे आणि त्याच्या शेजारी वानखेडे. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई आणि पुणे असे दोन संघ होते; स्पर्धा एका हंगामात आटोपली. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स हा संघ रिक चार्ल्सवर्थसारख्या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली उतरला. पाकिस्तानी खेळाडूंच्या विरोधात शिवसेनेने निदर्शने केली, पहिला सामना दिल्लीला हलवावा लागला, ते खेळाडू परत गेले आणि संघ तळाला राहिला. दोन हंगामांनी तो बंद झाला. त्याच्या जागी आलेला दबंग मुंबई २०१७ च्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेथे ओडिशाच्या कलिंगा लान्सर्सने त्याला ४-१ असे हरवले. मग लीगच थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, चार महिला संघांतही नव्हता. बारा कोटींच्या राज्याला एक संघ सांभाळता आला नाही, आणि कोणाला त्याची खंत वाटल्याचे दिसले नाही. मुंबईच्या संघांचे सामने जानेवारी-फेब्रुवारीत, संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात व्हायचे. मुंबईत त्या दिवसांत हवा जेवढी सुखाची असते तेवढी वर्षात कधी नसते. ऊन येथे कोठून आणायचे?

मुंबईत हॉकीला प्रेक्षक होते. ते गोवेकर, अँग्लो-इंडियन, पारशी वस्त्यांत, पोलीस, रेल्वे आणि कस्टम्सच्या संघांभोवती होते. त्या वस्त्या पांगल्या, नोकरीतून खेळाडू घेण्याची रीत आटली, आणि मातीच्या मैदानावर इमारती उभ्या राहिल्या. पुण्यात खडकीने अजून थोडे धरून ठेवले आहे. धनराज पिल्ले याच खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मातीवर, मोडक्या काठ्या जोडून खेळत वाढला आणि चार ऑलिम्पिक खेळला. खडकीत आजही हॉकीचा सामना असला की उभे राहून बघणारे सापडतात, कारण त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या मातीत पडलेला असतो. संघ वरून आणून बसवता येतो, प्रेक्षक तसा बसवता येत नाही. तो लहानपणी स्वतः खेळलेला असतो, नाही तर त्याचा भाऊ, पुतण्या, शेजारचा पोरगा आत खेळत असतो.

याचा पुरावा हवा असेल तर राउरकेलाकडे बघावे. ते ज्यात आहे तो ओडिशाचा सुंदरगड जिल्हा परभणीपेक्षा थंड नाही, तिथलेही उन्हाळे चव्वेचाळीसच्या घरात जातात. पण त्या जिल्ह्यात आणि शेजारच्या सिमडेग्यात गावोगावी हॉकीचे सामने होतात, जिंकणाऱ्याला बोकड मिळतो आणि मुले बांबूच्या काठ्यांनी सुरुवात करतात. सध्या हॉकी इंडियाचे अध्यक्ष असलेले दिलीप तिर्की सुंदरगडमधल्या सौनामारा गावचे. जानेवारी २०२३ मध्ये राउरकेलात वीस हजारांहून अधिक आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उघडले, भारत-स्पेन सामना झाला आणि भारताचा पहिला गोल केला अमित रोहिदासने. तोही सौनामाऱ्याचा. त्या संध्याकाळी वीस हजारांतल्या किती जणांना तो आपल्या घरातला वाटला असेल याचा हिशेब कोणत्याही जाहिरात कंपनीला मांडता येणार नाही. ओडिशा सरकारने पैसा ओतला, राष्ट्रीय संघाला प्रायोजकत्व दिले, हे खरे. पण त्या पैशाखाली बोकडासाठी खेळणारी गावे आधीपासून होती.

आणि परभणीकरांना ओडिशापर्यंत तरी कशाला जायचे? पूर्णेहून पुढे दोन-तीन स्टेशने गेले की नांदेड. गुरू गोबिंदसिंघजींच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, नांदेडच्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर गेली अनेक दशके अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. पंजाबचे संघ येतात, सेनादलांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ येतात. मराठवाड्यातल्या एका शहरात, क्रिकेटने आणि मोबाईलने वेढलेल्या काळात, हॉकीला लोक जमतात. यात चमत्कार काही नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीच्या समाजाने हा खेळ घरातला मानला. स्पर्धा दरवर्षी त्याच सणाला, त्याच मैदानावर होते, त्यामुळे तारीख वेगळी छापावी लागत नाही. थंडीचे दिवस निवडलेले आहेत. आणि नांदेडची पोरे पाहुण्या संघांविरुद्ध उतरतात. नांदेडचा उन्हाळा परभणीच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ आहे, हे कोणी सांगायला नको. पंजाबातून येणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी स्टेशनावर थांबते आणि तशीच पुढे जाते. या गाडीतून हॉकी रोज आपल्या फलाटावरून पुढे निघून जाते असे म्हटले तर ते फार वावगे ठरणार नाही.

ऊन प्रेक्षकाला मारत नाही, पण मैदानाला मारते, आणि आमच्या मते खरी अडचण येथे आहे. परभणी जिल्हा काळ्या मातीचा. ही माती कापसाला उत्तम, हॉकीला वाईट. पावसाळ्यात ती चिकटून बुटाचे तळवे जड करते, मार्चनंतर भेगाळते, आणि भेगेवर आदळलेला चेंडू गुडघ्यावर येईल की तोंडावर, हे सांगता येत नाही. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, तेवढ्यावर चटई अंथरली की काम भागते. हॉकीला सगळे मैदान सपाट लागते, एक्क्याण्णव मीटरपेक्षा जास्त लांबीचे. काळी माती उकरून त्यावर मुरूम अंथरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, दर वर्षी पुन्हा फिरवायचा, हे काम ज्या शाळेत चिकाटीचा क्रीडाशिक्षक आहे तिथेच होते. तो बदलून गेला किंवा निवृत्त झाला की मैदानावर बाभळी उगवतात. जिल्हा क्रीडा कार्यालये जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धा घेतात, पण तिचा काळ पावसाळ्याचा, म्हणजे चिखलाचा. शाळा कागदावर संघ पाठवतात, दोन दिवसांत तालुका, जिल्हा उरकतो आणि मुलाने उरलेले अकरा महिने काठी कोणत्या मातीवर टेकवायची, याचे उत्तर कोणाकडे नसते.

यावर सोपा उपाय म्हणून कृत्रिम मैदानाची मागणी होते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी गवतावरून उठली आणि ज्या देशाकडे प्लॅस्टिकचे मैदान नाही तो मागे पडला, हे जगजाहीर आहे. पण आंतरराष्ट्रीय दर्जाच्या मैदानाला एका सामन्यापुरते हजारो लिटर पाणी मारावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. ज्या प्रदेशाने हे पाहिले आहे तिथे येलदरी धरणाचे पाणी हॉकीच्या हिरव्या चटईवर ओतायचे, हे कोणत्या तोंडाने मागायचे? पाण्याविना चालणाऱ्या मैदानांचे प्रयोग आता सुरू आहेत आणि पॅरिसमध्ये वापरलेले मैदान तर उसापासून बनवलेल्या प्लॅस्टिकचे होते, पाणीही आधीच्यापेक्षा कमी पिणारे. गंगाखेड-पाथरीच्या उसाला हा एक नवा मानाचा धंदा म्हणायला हरकत नाही. पण ते येईपर्यंत वाट बघायची आणि तोवर हात बांधून बसायचे, हा आळस झाला.

आमची सूचना साधी आणि स्वस्त आहे. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांतून एकेक शाळा निवडून तिथे मुरमाचे मैदान करावे. देखभालीचा खर्च जिल्हा नियोजन समितीने क्रीडेच्या तरतुदीतून दरवर्षी ठरवून द्यावा, एकदा उद्घाटनाला नारळ फोडून थांबू नये. पूर्ण मैदान न मिळेल तिथे पाच-पाच जणांचा छोटा खेळ घ्यावा. आंतरराष्ट्रीय संघटनेने हा प्रकार मान्य केला आहेच. शालेय स्पर्धा पावसाळ्यातून काढून नोव्हेंबरनंतर न्यावी. यासाठी राज्याच्या क्रीडा वेळापत्रकाशी झगडावे लागेल आणि हा झगडा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी करायला हवा, कारण संचालनालयात बसलेल्या माणसाला काळ्या मातीचा चिखल दिसत नाही. सामने संध्याकाळी, बाजाराच्या दिवशी, गावातल्या मैदानावर ठेवावेत, जिथे मुलाचे आईबाप भाजी घेऊन परतताना घटकाभर उभे राहू शकतील. शाळेच्या कुंपणाआड सकाळी अकरा वाजता पंच आणि शिक्षक यांच्यासमोर झालेला सामना ‘प्रेक्षक नाहीत’ या तक्रारीस पात्र नाही.

एक शंका आमच्याच मनात येते. यातून मुंबईला लीगचा संघ मिळेल का? नाही मिळणार, निदान दहा वर्षे तरी नाही. कबड्डीचे उदाहरण द्यायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत गुडघे फोडून घेतलेली माणसे लाखांनी होती. टीव्हीच्या पडद्याने त्यांना फक्त जागे केले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांना प्रेक्षक तयार मिळाले. हॉकीला ते आधी घडवावे लागतील, आणि घडवणारा माणूस मुंबईच्या एखाद्या उद्योगसमूहात सापडायचा नाही. तो जिंतूर किंवा पालमच्या शाळेतला क्रीडाशिक्षक असेल, ज्याच्याकडे आज मैदान नाही, काठ्या नाहीत आणि मुलांना नांदेडची स्पर्धा दाखवून आणायला गाडीभाड्याची तरतूदही नाही. ही शेवटची तरतूद सर्वांत सोपी आहे. पुढच्या डिसेंबरात नऊ तालुक्यांतून नऊ बसगाड्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर गेल्या तर त्यांचा खर्च एका क्रीडा दिनाच्या मंडपापेक्षा फारसा जास्त होणार नाही.